हुंगलेलं फूल

त्या दिवशी सकाळी मी भांडायलाच खाली उतरले होते. खोटं कशाला बोलू? जिना उतरता उतरता वाक्यसुद्धा तयार केलं होतं. आदल्या संध्याकाळी गॅलरीतून डेलियाचं फूल बघून ठेवलं होतं मी, बशीएवढं, गडद जांभळं, यंदाचं पहिलंच. सकाळी चहाचा कप घेऊन वाकून बघते तर नुसता देठ उभा. वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, अंगणातल्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर परडी, परडीत सगळ्यात वर माझा डेलिया. पाठ भिंतीला टेकलेली, डोक्यावरून शाल. मी जिन्यातूनच सुरू झाले, "वहिनी, अहो निदान तेवढा एक तरी ठेवायचा झाडावर. देवाला काय कमी पडणार होतं का?" उत्तर आलं नाही. एरवी माझं वाक्य संपायच्या आत त्यांचं यायचं. मला वाटलं, आज बाई रागावल्या. म्हणून मी आणखी दोन-तीन वाक्यं बोलले, जरा आवाज चढवून… आणि मग समोर जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, की मघापासून मी कुणाशी बोलतेय.

हृदय थांबलं, क्षणात झालं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, असं कॉलनीतले डॉक्टर म्हणाले. फुलं तोडून झाली की दम खायला त्या पायरीवर टेकायच्या, तशाच टेकल्या आणि उठल्या नाहीत. परडी कितीतरी वेळ तिथंच पडून होती. ती फुलं आता देवाला चालणार नव्हती, घरात न्यायची तर कशाला न्यायची? शेवटी शेजारच्या कमलताई म्हणाल्या, "त्यांच्याच अंगावर वाहा. त्यांनीच तोडलीत." वाहिली. गुलाब, कुंद, पिवळी शेवंती आणि तो डेलिया. कुंदाची चार फुलं त्यांच्या केसात खोवावीत असं मला फार वाटलं. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, गेले तेव्हापासून त्यांनी केसात फूल घातलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं तरी. माझा हात पुढे गेलाही होता, पण आजूबाजूला बायका बघत होत्या. मी तो मागे घेतला. जन्मभर त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलणारी मी, नेमकी तेव्हा गप्प बसले.

आता महिना उलटून गेलाय. लिहायला बसले ते त्यांच्या आठवणी, पण आधी एक दुसरीच गोष्ट सांगून टाकते, कारण ती सांगितल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. सुतकात देवपूजा बंद असते. आमचं घर एकच, खाली वहिनी आणि वर आम्ही दोघं, त्यामुळे सुतक दोन्ही मजल्यांना. देवाला फूल नाही, म्हणजे बागेतलं फूल तोडायला कारणच नाही. पहाटे पिशवी आणि आकडी घेऊन हिंडणारी कॉलनीतली म्हातारी मंडळी एरवी आमच्या कुंपणावरून बिनदिक्कत हात घालतात, तीही सुतकाच्या घरचं फूल नको म्हणून रस्त्याच्या पलीकडून जायला लागली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या बागेला कुणाचा हात लागला नाही. आणि दिवस कुठले, तर महाशिवरात्रीच्या आगेमागचे. थंडी जायला निघालेली, पण सकाळी अजून शाल लागतेय, दुपारचं ऊन जरासं टोचायला लागलंय… नाशिकात झाडांना वेड लागतं ते याच दिवसांत. एका सकाळी मी अंगणाचं दार उघडलं आणि उभीच राहिले. गुलाबाच्या प्रत्येक फांदीला फूल. डेलिया सगळ्या बाजूंनी उमललेला. कुंदाचं झुडूप पानं दिसू नयेत इतकं पांढरं. कुंपणावर संक्रांतवेल नारिंगी होऊन पसरलेली, कोपऱ्यातलं लिंबू बहरलेलं आणि त्यावर माश्यांची नुसती झुंबड. ही बाग मी लावली, मी वाढवली, आणि ती अशी फुललेली मी कधी बघितलीच नव्हती. हातातला चहा गार होईपर्यंत बघत राहिले. फार आनंद झाला हो मला. आणि मग लक्षात आलं, की हे सगळं दिसतंय ते वहिनी नाहीत म्हणून.

एवढंच आहे ते. भांडल्याचं मला वाईट वाटत नाही. भांडणात मी बरोबर होते, आजही तसंच म्हणेन, आणि त्या असत्या तर आजही भांडले असते. मला आतून खातंय ते हे, की त्या गेल्या आणि मला जे इतकी वर्षं हवं होतं ते आयतं मिळालं, आणि मिळाल्यावर मला ते आवडलं. असं कुणाला सांगायचं? ह्यांना सांगितलं, तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बागेला काय कळतंय कोण गेलं ते." माझं म्हणणं बागेबद्दल नव्हतंच.

वहिनी सटाण्याकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा दादांना एकलहऱ्याला पॉवर हाऊसमध्ये नोकरी लागली होती. पुढे दोघा भावांनी मिळून जेलरोडला प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि मागेपुढे मोकळी जागा राहिली ती माझ्या वाट्याला आली, कारण दुसऱ्या कुणाला तिच्यात रस नव्हता. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. मला रंग लागतात. सकाळी डोळे उघडले की काहीतरी लाल, काहीतरी पिवळं दिसलं पाहिजे, नाहीतर दिवसभर चिडचिड होते. मी गुलाब लावले, कुंद लावला, शेवंती लावली. आणि वहिनींनी ती तोडायला सुरुवात केली. त्यांचा हिशेब सरळ होता. घरात देव आहेत, दारात फुलं आहेत, मग फुलांनी दारात काय करायचं? पहाटे अंधारात त्या परडी घेऊन निघायच्या आणि मी उठेपर्यंत बाग साफ. कळ्यासुद्धा ठेवायच्या नाहीत, "दुपारलोंग देव्हाऱ्यात उमलतीन" म्हणायच्या. इतकी वर्षं नाशकात काढली, पण घरात त्यांची बोली शेवटपर्यंत तिकडचीच राहिली. भांडताना तर फारच. मी चिडून म्हणाले, की वहिनी, बाग माझी आहे, तर शांतपणे म्हणाल्या, "हाई फूल देवनं शे. तुनं बी नई अन् मनं बी नई." म्हणजे फूल देवाचं, तुझंही नाही आणि माझंही नाही.

तोड सापडली ती अगदी चुकून. एकदा त्या फुलं तोडत असताना मी लवकर उठून खाली आले होते आणि सहज एका गुलाबाला नाक लावलं. वहिनींचा हात त्याच फुलाकडे येत होता, तो जागच्या जागी थांबला. "हुंगी लिधं का वं?" मी म्हटलं, हो, हुंगलं. "राहू दे मंग. देवले चालत नई. ते तुनं." आणि खरंच पुढच्या झाडाकडे गेल्या. हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत, हे मलाही लहानपणापासून माहीत होतं, पण त्याचा असा उपयोग होईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मग काय, मला हत्यारच मिळालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वेटर घालून, मफलर गुंडाळून बागेत हजर. एकेका गुलाबापाशी वाकायचं, जोरात श्वास घ्यायचा, पुढचं झाड. वहिनी परडी घेऊन बाहेर आल्या तेव्हा निम्मी बाग माझी झाली होती. त्या उरलेली फुलं तोडून आत गेल्या. त्यानंतर त्या आणखी लवकर उठायला लागल्या.

तशी मी आळशी. थंडीत पहाटे उठणं मला चार दिवसांपेक्षा जास्त झेपलं नाही. मग मी गॅलरीतूनच ओरडायला लागले, "वहिनी, तो लाल हुंगलाय हं मी काल!" आणि त्या तो लाल सोडायच्या. "तो कडेचा गुलाबीपण!" कडेचा गुलाबीपण सोडायच्या. मी काही सगळे हुंगलेले नसायचे. कडेचा गुलाबी तर मी गादीवर पडल्या पडल्या हुंगायचे. त्यांना ते कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं. एकदाही त्यांनी "खरंच का?" म्हणून विचारलं नाही. पण देवासमोर शंका नको, म्हणून ते फूल सोडून द्यायच्या, आणि मी गॅलरीत उभी राहून जिंकल्यासारखी चहा प्यायचे. नंतर मी आणखी एक युक्ती केली. देवाला चालणार नाहीत अशीच फुलं लावायची. डेलिया आणला, पिटुनिया आणला. पहिल्या वर्षी वहिनींनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, "विलायती शे" म्हणाल्या. माझा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या वर्षी सकाळी बघते तर पिटुनियाच्या कुंड्या रिकाम्या. मी खाली धावले. "वहिनी, हे विलायती आहे ना?" तर म्हणतात, "देव काय नाव इचारस का?"

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की बाग माझी आणि त्या नुसत्या लुटायच्या. तसं नव्हतं, आणि ते लिहिलं नाही तर मी कृतघ्न ठरेन. बागेला खत वहिनींचं असायचं. दिवाळीनंतर त्या माहेरी जायच्या आणि येताना लेंडीखताची गोणी एसटीत घालून आणायच्या. त्या गोणीवरून कंडक्टरशी त्यांचं वाजायचं, ते आम्हाला नंतर आठवडाभर साग्रसंगीत ऐकायला मिळायचं. ही गोणी वरती टाकली तर वास कुणाला येणार, आणि वास येतोच कुठं, लेंड्या म्हणजे काय शेण आहे का… वगैरे. मी शाळेच्या सहलीला गेले की पाणी त्या घालायच्या. गुलाबांवर मावा पडला की कडुलिंबाचा पाला उकळून त्या शिंपडायच्या. मी फार तर रोपं निवडून आणायची आणि कुठं लावायचं ते ठरवायचं. आता हिशेब मांडला तर बागेला माझ्यापेक्षा त्यांचेच हात जास्त लागलेत. पण फुलं मात्र मी माझी म्हणायचे.

दादा गेल्यावर त्यांची पूजा वाढली. आधी अर्धा तास चालायची, मग चांगला तास-दीड तास. देवघर म्हणजे खालच्या मजल्यावर जिन्याखालची एवढीशी खोली, खिडकी नाही, दार लावलं की समईच्या उजेडात बसायचं. मला वाटायचं, एकट्या पडल्यात, देवाला धरून राहिल्यात, बरं आहे. एवढा वेळ तिथं काय करतात, हे मी कधी विचारलं नाही. गुडघे दुखायला लागले तशी मी एकदा म्हणाले, "वहिनी, आता पहाटे फुलं तोडणं बंद करा, दव पडलेलं असतं, घसरून पडाल. मी आणून देत जाईन, मोजकीच." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो विषय मी पुन्हा काढला नाही. मोजकीच म्हणजे किती, ते त्यांना बरोबर समजलं होतं.

सुतकाच्या दिवसांत संगीता, म्हणजे वहिनींची एकुलती एक लेक, जळगावहून येऊन राहिली होती. माणसं भेटायला यायची, खाली बैठकीत बसायची, हळू आवाजात बोलायची, आणि बोलता बोलता सगळ्यांची नजर दारातून बाहेर जायची. एक बाई तर डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "बाग मात्र बघण्यासारखी झालीय हो." मी मान खाली घातली. घरात माणूस गेलंय आणि दारात जत्रा भरलीय असं ते दृश्य होतं. मला वाटायचं, एखादा वारा सुटावा आणि सगळ्या पाकळ्या खाली याव्यात. आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं, की मी सगळ्यांच्या आधी दार उघडून बाहेर. लाज वाटायची, पण जायचे. नव्या कळ्या किती आल्या ते बघायचे. हुंगायलाही आता कुणाची आडकाठी नव्हती, हवं ते फूल हुंगावं. अशीच एका सकाळी मी पिवळ्या गुलाबावर वाकले होते. बहुतेक हसत असेन, मला कळलं नाही. मागं संगीता उभी होती.

"काकू, किती छान दिसतंय ना," ती म्हणाली.

मी चटकन सरळ झाले. चोरी पकडल्यावर होतं तसं झालं मला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "पाणी घालायला आले होते गं." पाण्याचा पाइप नळापाशी गुंडाळलेलाच होता.

"आई असती तर दिसलं नसतं हे," संगीता म्हणाली. तिच्या आवाजात काही बोच नव्हती. तिनं आपलं जे खरं ते म्हटलं आणि हसली, आणि तिला हसताना बघून मलाही हसू आलं. आम्ही दोघी काही वेळ तशाच हसत उभ्या राहिलो. मग ती एकदम रडायला लागली आणि आत निघून गेली. मी मात्र तिथंच राहिले, पिवळ्या गुलाबापाशी. तिच्या मागं जायला हवं होतं, पण मला तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

दहावं इथंच नाशिकच्या गंगेवर झालं, तेरावं झालं, गोडजेवण झालं. संगीता निघायच्या आधी देवघराचं दार उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, देव आता तुमच्याकडे. पण वर नेऊ नका, इथंच राहू दे." मी म्हटलं, "अगं, मला एक मंत्र धड येत नाही. तुझ्या काकांना तर शुभंकरोतीच्या पुढे काही येत नाही." ती म्हणाली, "आईला तरी कुठं येत होते?" मला हे नवीनच होतं. मग तास-दीड तास बाई करायच्या तरी काय? पण संगीताची गाडी आली होती, बोलणं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले. रात्रीच ठरवलं होतं, सगळी फुलं तोडायची. एकही ठेवायचं नाही, वहिनी ठेवत नसत तसंच. खरं सांगायचं तर स्वतःला शिक्षा म्हणूनच ठरवलं होतं. इतके दिवस डोळे भरून बघितलंस ना, आता दे सगळं. अंधारात हाताला दव लागत होतं, काटे टोचत होते. पिवळ्या गुलाबापाशी सवयीनं वाकले आणि मध्येच थांबले, कारण हे देवाचं होतं, हुंगून चालणार नव्हतं. मान मागं घेतली, हात लांब करून फूल तोडलं. पुढचंही तसंच, मान मागं, हात लांब. अशी सगळी बाग फिरले, आणि फिरता फिरता माझ्या मनात आलं, की वहिनींनी या बागेतल्या एकाही गुलाबाला कधी नाक लावलं नव्हतं. खत त्यांचं, पाणी त्यांचं, आणि वास तेवढा कायम माझा. उजाडलं तेव्हा बाग मोकळी झाली होती आणि परडीत मावत नव्हती इतकी फुलं ओंजळीत आणि पदरात घेऊन मी आत गेले.

देवघरात समई लावली. वाऱ्यानं विझायला लागली म्हणून दार लावून घेतलं. फुलं कशी वाहायची हेही मला नीट माहीत नाही, मी आपली चित्र काढताना भरते तशी भरत गेले. मागं लाल गुलाब, पुढं पिवळे, बाळकृष्णाभोवती कुंद, अन्नपूर्णेला शेवंती, आणि डेलिया कुठं बसेना म्हणून सरळ मधोमध. देव जवळजवळ दिसेनासे झाले. मंत्र येत नव्हते, म्हणून हात जोडून वहिनींच्या पाटावर नुसती बसून राहिले. समईची ऊब त्या एवढ्याशा खोलीत हळूहळू भरली, आणि मग वास सुटला. एका फुलाचा नाही, सगळ्यांचा मिळून. बाहेर एकेका गुलाबाला नाक लावून जन्मात कधी मिळाला नाही असा, बसल्या जागी, न हुंगता. पिवळ्यावर समईचा उजेड पडला होता, त्याच्या मागं लाल जवळजवळ काळा दिसत होता. मी बघत बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही, हे वरून चहासाठी हाका मारत होते. शिक्षा म्हणून आले होते आणि तिथंही मला छानच वाटत होतं. वहिनी, मला खरंच फार छान वाटत होतं हो.

रोज पूजा आटोपली की वहिनी जिन्याखालून मला हाक मारायच्या. "व्हई गयं वं नीला, देखाले ये." झालं गं, बघायला ये. मी वरून ओरडायचे, "देव कुठं पळून जात नाहीत वहिनी, येते नंतर." ते नंतर कधी आलंच नाही. मला देवाधर्माचं वेड नाही, आणि त्या दर्शनाला बोलावतात असं मी धरूनच चालले होते. त्यांच्या पाटावर बसल्यावर पहिल्यांदा ध्यानात आलं, की त्या हाकेत देवाचं नाव कधीच नसायचं. त्या मला फुलं बघायला बोलवत होत्या. माझीच फुलं, रोज.